स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर: आधी ओहम, मग वॉट, शेवटी गेन

स्पीकर १०० वॉटचे आहेत, तर ॲम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा? या प्रश्नाचं उत्तर नुसत्या वॉटवरून देता येत नाही. स्पीकरवर छापलेले वॉट एवढंच सांगतात की त्याची कॉइल किती उष्णता सोसते. तो ॲम्पवर किती लोड टाकणार हे ओहमवरून कळतं आणि एका वॉटमध्ये किती मोठा वाजणार हे सेन्सिटिव्हिटीवरून. म्हणून जोडी जुळवताना आधी ओहम बघावेत, मग सेन्सिटिव्हिटी आणि त्यानंतर वॉट, असा माझा आग्रह आहे. जोडी ठरल्यावर गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवणार ते, लावायचा असतो. हे काम घाईत उरकलं जातं आणि चांगले स्पीकर जळतात ते बरेचदा याच घाईपायी.

हाताशी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, वायर सोलायचं कटर आणि फोनवर किंवा लॅपटॉपवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन असू द्या. एवढ्यावर सगळं भागतं.

ओहम: इथे तडजोड नको

स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम असं लिहिलेलं असतं. हा इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर एसी सिग्नलला करतो त्या विरोधाचा, नॉमिनल किंवा ढोबळ आकडा. प्रत्यक्षात इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलत राहतो. ८ ओहमचा स्पीकर एखाद्या ठिकाणी ३० ओहमवर चढतो, तर दुसऱ्या ठिकाणी ६ ओहमपर्यंत उतरतो. ॲम्पला त्रास होतो तो या खालच्या टोकाचा. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे इम्पीडन्स नॉमिनल आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली उतरता कामा नये. काही उत्पादक हे काटेकोरपणे पाळत नाहीत. माहितीपत्रकात किमान इम्पीडन्स वेगळा दिला असेल, तर तोच खरा धरा.

लेबल फाटलं असेल किंवा स्पीकर जुना असेल, तर मल्टिमीटरने अंदाज घेता येतो. स्पीकर ॲम्पपासून पूर्ण सोडवा. मीटर सगळ्यात कमी ओहमच्या रेंजवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. मीटर तेव्हा शून्याऐवजी ०.२ किंवा ०.४ असं काहीतरी दाखवेल. तो प्रोबच्या वायरींचा रोध आहे. मग स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा आणि आधीचा आकडा वजा करा. साधारण साडेपाच ते सात आलं तर स्पीकर ८ ओहमचा, तीन ते पावणेचारच्या आसपास आलं तर ४ ओहमचा. डीसी रोध नॉमिनल आकड्यापेक्षा नेहमी थोडा कमीच भरतो, त्यामुळे ८ ओहमच्या स्पीकरवर ६ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

ॲम्पच्या दृष्टीने ओहम एवढे महत्त्वाचे का, ते हिशेबाने बघू. ॲम्पने टर्मिनलवर २० व्होल्ट दिले, तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर करंट जातो आणि ५० वॉट खर्च होतात. तेच २० व्होल्ट ४ ओहमवर टाकले की करंट ५ अँपिअर होतो आणि पॉवर १०० वॉट. नॉब तिथेच असतो, पण आउटपुट ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक यांच्यावरचा भार दुप्पट होतो. ज्या ॲम्पवर "८ ओहम किमान" लिहिलंय त्याला ४ ओहमचे स्पीकर लावले, तर हळू आवाजात काहीच बिघडत नाही. आवाज वाढवून तासभर ठेवला की मात्र तो तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा जळतो. उलट बाजूने, म्हणजे ४ ओहम चालवू शकणाऱ्या ॲम्पला ८ ओहमचे स्पीकर लावण्यात कसलाही धोका नाही. पॉवर जवळपास निम्मी मिळते, इतकंच.

खरा घोटाळा होतो तो एका चॅनेलवर दोन स्पीकर लावताना. प्लसला प्लस, मायनसला मायनस असं समांतर जोडलं की ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात, ४ आणि ४ मिळून २. एक ८ चा आणि एक ४ चा जोडला तर साधारण २.७ ओहम होतात, शिवाय ४ ओहमवाला दुप्पट पॉवर खातो. एकामागे एक, सिरीजमध्ये जोडले की ओहमची बेरीज होते. ते ॲम्पसाठी सुरक्षित असतं, पण दोन वेगळ्या जातीचे स्पीकर सिरीजमध्ये लावले की ते एकमेकांचा आवाज बिघडवतात, म्हणून सिरीज फक्त एकसारख्या स्पीकरांसाठी ठेवा. ८ ओहमचे चार सारखे स्पीकर असतील, तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या जोड्या समांतर जोडा. एकूण पुन्हा ८ ओहमच होतात. ॲम्पवर ए आणि बी असं स्पीकरांचं स्विच असेल तर दोन्ही एकत्र चालवण्याआधी मागची पट्टी वाचा. बऱ्याच ॲम्पवर एकेकट्या जोडीला ४ ओहम चालतात, पण ए आणि बी दोन्ही लावले तर प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा लागतो.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा नियम वेगळा आहे. त्याच्या मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे टर्मिनल असतात आणि स्पीकर त्याच आकड्याच्या टर्मिनलला लावायचा. स्पीकर न जोडता तो ॲम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. सभा-समारंभाच्या भोंग्यांमध्ये ७० किंवा १०० व्होल्ट लाइनची पद्धत असते. त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. ते भोंगे आणि घरचे ४-८ ओहमचे स्पीकर एका लाइनवर कधीही लावू नका.

किती वॉट पुरतील

आता सेन्सिटिव्हिटी. माहितीपत्रकात "८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर" असं काहीतरी असतं. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. ४ ओहमवर मात्र तेच २.८३ व्होल्ट दोन वॉट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर "२.८३ व्होल्टला ८८ डेसिबल" लिहिलं असेल, तर एका वॉटला तो ८५ च देतो. दोन स्पीकरांची तुलना करताना हे तीन डेसिबल नजरेतून सुटतात.

पुढच्या गणिताला तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, चौपट केली की ६, दहापट केली की १०. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ५० वॉटचा ॲम्प काढून १०० चा बसवला, तर जास्तीत जास्त तीन डेसिबल मिळतात. फरक कळतो, पण तेवढ्यासाठी ॲम्प बदलावा असं मला कधी वाटलं नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. स्पीकर ८६ डेसिबलचे, तुम्ही तीन मीटरवर बसता. मोकळ्या जागेत तीन मीटरवर आवाज साडेनऊ डेसिबलने घटतो. दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात, आणि खोलीच्या भिंतींमुळे आणखी साधारण तीन. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॉट दिला की बसल्या जागी ८२ च्या आसपास डेसिबल मिळतात. घरात गाणी मोठ्याने ऐकली तरी सरासरी ७५ ते ८० च्या वर फारशी जात नाही. थोडक्यात, बहुतेक वेळ तुमचा ॲम्प एका वॉटच्या आतच काम करत असतो!

मग मोठा ॲम्प कशाला? तर तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, सिनेमातला स्फोट अशा क्षणिक उसळ्यांसाठी. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. सरासरी ८० आणि उसळी १८ धरली तर ९८ डेसिबलपर्यंत पोचायला हवं. ८२ वरून ९८ म्हणजे १६ डेसिबल, म्हणजे चाळीसपट, म्हणजे प्रत्येक चॅनेलला ४० वॉट. स्पीकर ९० डेसिबलचे असते तर १६ वॉटमध्ये भागलं असतं, आणि ८३ चे असते तर ८० लागले असते. ९० च्या आणि ८३ च्या स्पीकरांमध्ये ॲम्पच्या गरजेत असा पाचपट फरक पडतो. तुमची खोली, तुमचं अंतर आणि तुमचा स्पीकर घालून हे गणित स्वतः करा, कारण दुकानात कोणी ते करून देत नाही.

उत्तर स्पीकरच्या सोसण्याच्या क्षमतेशी ताडून बघा. ४० वॉट हवेत आणि स्पीकर १०० वॉट आरएमएसचा (सतत सोसण्याचे वॉट) आहे, तर ५० ते १०० वॉटमधला कुठलाही प्रामाणिक ॲम्प चालेल. स्पीकरच्या कंटिन्युअस रेटिंगच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा ॲम्पही चालतो, पण नॉबवर शहाणा हात असेल तरच. गेन नीट लावलेला नसेल किंवा सोहळ्यात कोणीही येऊन नॉब फिरवणार असेल, तर ॲम्प स्पीकरच्या रेटिंगएवढाच ठेवा.

ॲम्पवर छापलेला आकडा खरा किती

पीएमपीओमध्ये (क्षणिक कमाल पॉवर म्हणून जाहिरातीत छापतात ती) लिहिलेला आकडा सरळ सोडून द्या. त्यामागे कुठलंही मान्य मानक नाही. आरएमएस किंवा कंटिन्युअस वॉट शोधा आणि त्यासोबत चार गोष्टी बघा: किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनवर, दोन्ही चॅनेल एकदम चालवून मोजलेत का, आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा पूर्ण पट्ट्यात मोजलेत की फक्त १ किलोहर्ट्झवर. १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले वॉट म्हणजे आवाज फाटत असताना मोजलेले वॉट. फुगवलेल्या आकड्यांचा त्रास जुनाच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॉटच्या जाहिरातींसाठी नियम केला होता.

आजकाल छोटे क्लास डी ॲम्प (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणारे) फार चालतात. त्यांच्या बाबतीत डब्यावरचं काही वाचू नका, अडॅप्टरचे व्होल्ट बघा. या ॲम्पची आउटपुट ब्रिज पद्धतीची (स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्पच चालवतो अशी) असेल, आणि बहुतेकांची असते, तर सप्लायच्या व्होल्टला १.४१ ने भागा: जास्तीत जास्त एसी व्होल्ट तेवढेच मिळणार. १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर साडेआठ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ओहमने भागा: ८ ओहमवर ९ वॉट, ४ ओहमवर १८. प्रत्यक्षात याहूनही थोडे कमीच. डब्यावर १०० वॉट छापले असले, तरी १२ व्होल्टमधून ८ ओहमवर ९ च्या वर स्वच्छ वॉट निघू शकत नाहीत. २४ व्होल्टवर तोच ॲम्प ८ ओहमला ३६ वॉटच्या जवळ जातो, म्हणजे चौपट. टीपीए३११६ या लोकप्रिय चिपचे ५० वॉट डेटाशीटमध्ये २१ व्होल्टवर आणि ४ ओहमवर दिलेले आहेत, ते याच हिशेबाने समजतात. ॲम्प बदलण्याआधी चिप किती व्होल्ट सोसते ते पाहून अडॅप्टर बदला, हा माझा पहिला सल्ला असतो. करंटही मोजा: ३६ वॉटचे दोन चॅनेल म्हणजे ७२ वॉट, वर थोडा तोटा, म्हणजे २४ व्होल्टला साडेतीन अँपिअरच्या आसपास. ५ अँपिअरचा अडॅप्टर घेतला की आरामात चालतं.

छोटा ॲम्प ट्विटर कसा जाळतो

"स्पीकर १०० चा, ॲम्प फक्त ३० चा, मग स्पीकरला काय धोका?" हा समज घातक आहे. ३० वॉटच्या ॲम्पकडे जास्त मागितलं की त्याचे व्होल्ट सप्लायच्या मर्यादेला टेकतात आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेली लाट मूळ साइन लाटेच्या दुप्पट पॉवर देते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की आधी कापला जातो तो बास. मधला भाग आणि ट्रेबल नॉबसोबत वाढतच राहतात आणि कापलेल्या कडांमधून नवे उंच स्वर तयार होऊन तेही ट्विटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे, जातात. संगीतातल्या एकूण पॉवरचा थोडासाच वाटा ट्विटरकडे यावा असं गृहीत धरून त्याची कॉइल केसासारख्या बारीक तारेची केलेली असते. ती काही वेळातच जाते.

याच कारणाने बासचा नॉब जपून वापरा. बास ६ डेसिबलने वाढवला म्हणजे बाससाठी ॲम्पकडे चौपट पॉवर मागितली, १० ने वाढवला तर दहापट. ४० वॉट पुरतील असं वर गणित केलं होतं, ते बास सरळ धरून. लाउडनेसचं बटण आणि फोनमधला इक्वलायझर दोन्ही चालू असतील तर ते गणित केव्हाच मोडलेलं असतं. आवाज चिरका झाला, ठोके भसाडे यायला लागले की नॉब ताबडतोब खाली आणा. आवाज फाटणं ही क्लिपिंगची कानाला कळणारी खूण आहे आणि ती दिसल्यावर "एवढं गाणं संपू दे" म्हणू नये.

स्पीकर जोडण्याआधी एक मोजमाप

नवा, जुना, दुरुस्त केलेला, स्वतः किटवर बनवलेला, कुठलाही ॲम्प असो, स्पीकर लावण्याआधी त्याचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटवर येणारे डीसी व्होल्ट, मोजा. इनपुटला काही जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. प्रोब एकाच चॅनेलच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर ठेवून ॲम्प चालू करा. आकडा क्षणभर उसळी मारून खाली येतो. पाच मिनिटं थांबा, गरम झाल्यावर तो सरकतो. ५० मिलिव्होल्टच्या आत स्थिरावला तर उत्तम. १०० च्या वर असेल तर ॲम्प जाणकाराला दाखवा. थेट काही व्होल्ट दिसत असतील तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा चिप गेलेली आहे, आणि असा ॲम्प जोडला की वूफरचा (बासच्या स्पीकरचा) कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, एका बाजूला ताठ सरकून तिथेच अडकतो व कॉइल जळते. मोजमाप दोन्ही चॅनेलवर करा.

इथे एक खबरदारी. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये मायनस टर्मिनल हा ग्राउंड नसतो. त्यावरही सिग्नल असतो. २४ व्होल्टच्या अशा क्लास डी ॲम्पवर एक प्रोब चॅसीला आणि दुसरा टर्मिनलला लावला तर १२ व्होल्टच्या आसपास दिसू शकतात, आणि लोक उगाच घाबरतात. म्हणून प्लस-मायनसच्या मधेच मोजायचं. याच कारणाने अशा ॲम्पचे दोन्ही चॅनेलचे मायनस एकत्र जोडायचे नाहीत, अर्थिंगलाही लावायचे नाहीत, आणि ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंड क्लिप स्पीकर टर्मिनलला लावायची नाही. मल्टिमीटर सेलवर चालतो, त्याची भीती नाही.

वायर आणि प्लस-मायनस

वायरबद्दल जेवढी चर्चा होते तेवढी गरज नाही. जाणं आणि येणं मिळून वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. ८ ओहमसाठी ०.४, ४ ओहमसाठी ०.२. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर दोन्ही तारा मिळून रोध साधारण ०.१२ ओहम होतो. दोन्ही स्पीकरांना पुरेसं. दहा मीटरच्या पुढे, आणि ४ ओहमला पाच मीटरच्या पुढेच, अडीच चौरस मिलिमीटर वापरा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर मिळते, ती स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत तिचा रोध दीडपटीच्या पुढे जातो. एक साइज जाड घ्या किंवा शुद्ध तांबं घ्या. यापलीकडे खर्च करायची गरज मला दिसत नाही.

वायर सोलल्यावर तारा घट्ट पिळा. टर्मिनलमध्ये घालून कसल्यावर बोट फिरवून बघा. एखादी बारीक तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली तर तो शॉर्ट असतो आणि पहिल्या मोठ्या ठोक्याला आउटपुट जाऊ शकते. हे सगळं ॲम्पचा प्लग काढून करायचं.

लाल लालला, काळा काळ्याला. वायरीला रंग नसेल तर एका तारेवर रेघ किंवा उठाव असतो, तो हाताने चाचपा. खूण मिळालीच नाही तर सेल वापरा. वायर ॲम्पकडून सोडवून टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार स्पीकरची प्लस आहे. आत गेला तर उलट. फक्त टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. ट्विटर असा तपासता येत नाही.

एक स्पीकर उलटा लागला तर काही जळत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात, बास नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. शंका आली तर मोनो गाणं लावा आणि एकाच स्पीकरच्या तारा उलटून बघा. ज्या जोडणीत बास भरदार आणि गळा मध्यभागी, ती बरोबर.

गेन लावणे

व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे पॉवरचा मीटर, असं समजू नका. समजा ॲम्प सिग्नल वीसपट वाढवतो आणि सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारं उपकरण) २ व्होल्ट देतो. हिशेबाने ४० व्होल्ट व्हायला हवेत, ८ ओहमवर २०० वॉट. ॲम्प ५० वॉटचा असेल तर तो २० व्होल्टवरच संपतो, म्हणजे नॉब अर्ध्या सिग्नलवर आला की त्याची ताकद संपलेली असते. फोनचा सिग्नल मात्र अर्धा-एक व्होल्टच असतो, त्यामुळे तिथे नॉब बराच पुढे न्यावा लागतो. दोन सोर्स, दोन वेगळ्या मर्यादा.

म्हणून मर्यादा मोजून ठरवा. आधी व्होल्टचं लक्ष्य काढा: वॉट आणि ओहमचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. ५० वॉट, ८ ओहम असेल तर २० व्होल्ट. ५० वॉट, ४ ओहम असेल तर १४.१. १०० वॉट, ४ ओहम असेल तर पुन्हा २०. वॉट धरताना ॲम्पचे स्वच्छ वॉट आणि स्पीकरचे आरएमएस वॉट यांतला लहान आकडा घ्या.

आता दोन्ही स्पीकर सोडवा (व्हॉल्व्हच्या ॲम्पवर हे करायचं नाही). बास-ट्रेबल मधोमध, लाउडनेस बंद, सोर्सवरचा आवाज पूर्ण. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. साधे मीटर या फ्रिक्वेन्सीला भरवशाचे असतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रोब एका चॅनेलच्या टर्मिनलवर धरा आणि नॉब शून्यापासून हळूहळू वाढवा. ठरवलेले व्होल्ट आले की थांबा. तिथे नॉबवर बारीक खूण करा. ॲम्पला वेगळा गेन असेल, जसा गाडीच्या ॲम्पला किंवा स्टेजच्या ॲम्पला असतो, तर नॉब पूर्ण ठेवून गेन त्या व्होल्टपर्यंतच लावा; मग नॉब कोणीही फिरवला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. स्पीकरचा लोड नसताना ॲम्प थोडे जास्त व्होल्ट दाखवतो, म्हणून लक्ष्याच्या पाच-दहा टक्के अलीकडेच थांबलेलं बरं. रोज ऐकताना बास वाढवूनच ऐकत असाल, तर तो तेवढा वाढवलेला ठेवून मोजा. टोन बंद करा, नॉब शून्यावर आणा, प्लग काढा आणि मगच स्पीकर परत जोडा. पूर्ण पातळीचा टोन स्पीकरवर कधी वाजवू नका.

फुसफुस ऐकू येत असेल तर सोर्सची पातळी वाढवून ॲम्पचा गेन कमी करा. फोन किंवा लॅपटॉप ३० टक्क्यांवर ठेवून ॲम्प पूर्ण उघडला की आवाज तेवढाच मिळतो, पण फुसफुस आणि घुरघुर वाढते.

सबवूफर असेल तर

छोट्या स्पीकरांना बासपासून वाचवणं हा ॲम्प मोठा करण्यापेक्षा चांगला उपाय आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. त्यामुळे छोटा वूफर वॉटची मर्यादा गाठण्याआधीच हालचालीची मर्यादा गाठतो आणि टकटक वाजायला लागतो. रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या ॲम्पमध्ये) स्पीकर "स्मॉल" निवडा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. फारच छोटे असतील तर १०० किंवा १२०. सबवर स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब असेल तर तो पूर्ण उघडा, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. मग फेजचं स्विच दोन्हीकडे टाकून बघा, बसल्या जागी जिथे बास जास्त भरदार वाटतो तिथे ठेवा. सबची पातळी आधी कमी ठेवून वर आणा. सब वेगळा ऐकू येतो आहे असं वाटलं, तर तो जास्त झालाय.

रिसीव्हरच्या मेन्यूत ४ ओहम आणि ८ ओहम अशी निवड बरेचदा असते. ४ निवडलं की आतले सप्लाय व्होल्ट किंवा करंट मर्यादित होतो आणि रिसीव्हर थंड राहतो, पण उसळ्यांसाठीची ताकदही जाते. रिसीव्हर तापत किंवा बंद पडत नसेल तर ८ वरच ठेवा, असं माझं मत आहे.

चालू करून बघताना

चालू करताना आधी सोर्स, शेवटी ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. त्यामुळे धप्प आवाज स्पीकरला बसत नाही. पहिला तासभर नेहमीच्या आवाजात वाजवा आणि ॲम्पच्या पाठीला हात लावून बघा. कोमट ठीक. क्लास एबी (पारंपरिक पद्धतीचा) ॲम्प बऱ्यापैकी गरम होतो, तेही ठीक. हात क्षणभरही ठेववत नसेल तर हवेला जागा आहे का बघा आणि ओहम पुन्हा मोजा.

घूं असा आवाज येत असेल तर इनपुटची केबल काढा. आवाज थांबला तर दोष सोर्सकडचा किंवा ग्राउंड लूपचा (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या करंटचा). दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावून बघा. तरी राहिला तर इनपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लगची अर्थची पिन मात्र काढू नका, जिवावर बेतेल. केबल काढूनही घूं तसाच राहिला तर ॲम्पचे फिल्टर कॅपॅसिटर संशयित.

एका बाजूचा आवाज कमी असेल तर स्पीकर डावे-उजवे बदला. दोष स्पीकरसोबत गेला तर स्पीकर, जागेवर राहिला तर वायर, ॲम्प किंवा सोर्स. वूफर खरखरत असेल तर चालू गाणं थांबवून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी कडेने सारखा दाबून हलकेच आत ढकला. घासल्यासारखं लागलं तर कॉइल फुगलेली आहे, गेन कमी करून ती परत येत नाही. नवा वूफर किंवा ट्विटर बसवताना ओहम आणि सेन्सिटिव्हिटी जुन्याइतकीच घ्या, कारण आतला क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्विटरला स्वर वाटून देणारं सर्किट) त्याच आकड्यांवर बेतलेला असतो. आणि ज्या नॉबच्या जागी तो जळला, तिथले व्होल्ट आधी मोजा, मगच नवा जोडा.